तिघांना एकच पाकीट

प्रश्न: माझं वय 34. सिडकोत राहते. हिमोग्लोबिन 8.6 आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाची (100 मिग्रॅ) आणि कॅल्शियमची गोळी दिली. सकाळी चहा झाला की दोन्ही एकदमच घेते. दोन महिन्यांनी तपासलं तर फक्त 8.9. पित्तासाठी रोज एक कॅप्सूल घेते, नावाच्या शेवटी डीएसआर आहे, दोन वर्षं झाली. तीच मिस्टर आणि सासरेही घेतात, मेडिकलमधून पाकिटंच आणून ठेवतो. मिस्टर अंबडला शिफ्टमध्ये असतात. त्यांना जांघेत नायटा आहे. आठ महिने मलम लावतात, थांबवलं की परत येतो. आता त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल कॅप्सूल दिली आहे. सासरे 68 वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची एक चालू आहे. गुडघे दुखले की दुखण्याची गोळी घेतात. सगळ्या गोळ्या फ्रिजवरच्या एका डब्यात असतात. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. कोणती गोळी कधी घ्यायची, तेवढं सांगा. आणि शेजारचे म्हणतात, सासऱ्यांच्या गोळीच्या कागदावर द्राक्षं वर्ज्य लिहिलंय. नाशिकला राहून द्राक्षं खायची नाहीत का?

उत्तर: ताई, तुमच्या डब्यात सात-आठ औषधं आहेत, पण निम्मा घोळ त्या एका डीएसआरच्या पाकिटाचा आहे. एकाच कॅप्सूलने तुमचं लोह अडतंय, मिस्टरांच्या इट्राकोनाझोलची ताकद जातेय आणि सासऱ्यांना तिच्यातलं अर्धं औषध हवंय, अर्धं नकोय. म्हणून वेळापत्रकाच्या आधी ती कॅप्सूल उघडून बघू. म्हणजे डोळ्यांनी. दातांनी किंवा हातांनी उघडायची नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तिच्यात दोन औषधं असतात: पॅन्टोप्राझोल 40 मिग्रॅ आणि डोम्पेरिडोन 30 मिग्रॅ. डी म्हणजे डोम्पेरिडोन, एसआर म्हणजे ते हळूहळू सुटणारं. पहिलं औषध आम्ल कमी करतं. दुसरं मळमळ थांबवतं आणि जठरातलं अन्न पुढे ढकलतं. आंबट ढेकर आणि जळजळ एवढीच तक्रार असेल, तर दुसऱ्याची बहुतेकांना गरजच नसते. पण मेडिकलमध्ये 'पित्ताची द्या' म्हटलं की बऱ्याचदा हेच जोडपाकीट हातात पडतं.

आधी पॅन्टोप्राझोल. जठराच्या अस्तरातल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. हे औषध त्या पंपाला जाऊन चिकटतं आणि तो पंप कायमचा बंद करतं. शरीर नवे पंप बनवेपर्यंत आम्ल कमी राहतं, म्हणून दिवसातून एकच गोळी पुरते. मेख अशी, की पंप चालू असेल तरच ते चिकटतं. अनशापोटी बरेच पंप निजलेले असतात, खाणं सुरू झालं की जागे होतात. आणि औषध रक्तात राहतं जेमतेम काही तास. म्हणजे पंप जागे व्हायच्या वेळी ते रक्तात हजर हवं. त्यासाठी खाण्याआधी अर्धा ते एक तास. रविवारी मिसळ, दोन वेळा तर्री, वर ताक आणि मग छातीत जळायला लागल्यावर ही कॅप्सूल घेतली तर गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी सगळे पंप सापडतही नाहीत, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. कधीतरीच्या जळजळीला हे औषधच नव्हे. तिथे दोन-तीन चमचे अँटासिड सिरप जास्त कामाचं. खायचा सोडा आणि सायट्रिक आम्लाची फसफसणारी पावडर तुमच्या वयाला कधीमधी चालेल. सासऱ्यांना देऊ नका, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

मिस्टरांच्या शिफ्टमुळे आणखी एक गोष्ट. 'सकाळी अनशापोटी' याचा अर्थ घड्याळातली सकाळ नव्हे, तर झोपून उठल्यावरच्या पहिल्या मोठ्या खाण्याआधी. रात्रपाळीवाल्याची ती वेळ दुपारी तीनला येऊ शकते. आणि कॅप्सूल फोडून दुधात मिसळायची नाही. आतले दाणे आम्लाने नासू नयेत म्हणून त्यांना लेप दिलेला असतो. चावलं किंवा वाटलं की औषध जठरातच वाया जातं.

आता तुमचं हिमोग्लोबिन. लोहाची गोळी नीट लागू पडली तर तीन-चार आठवड्यांत 1 ते 2 ग्रॅमने वाढायला हवं. दोन महिन्यांत 0.3 म्हणजे गोळी पोटात जातेय, रक्तात नाही. कारणं तुमच्या पत्रातच आहेत. चहातली टॅनिनं लोहाला पकडून ठेवतात. कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं. आणि लोह विरघळायला आम्ल लागतं, ते तर तुम्ही दोन वर्षं रोज बंद करताय. तिघांनी मिळून एका गोळीची नाकेबंदी केलेली आहे.

असं करा. लोहाची गोळी चहाच्या आधी किमान एक तास किंवा नंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. साधारण साडेदहा-अकराची वेळ गृहिणीला जमते. नोकरी असेल तर पहाटे उठल्याउठल्या घ्या आणि चहा तासभर लांबवा. रिकाम्या पोटी मळमळलं तर चार घास पोहे खाऊन घ्या, वर लिंबू पिळून. शोषण थोडं कमी होईल, पण उलटून पडण्यापेक्षा बरं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. तुमची गोळी 1250 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटची असेल, तर तिच्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिग्रॅ असतं, आणि ते विरघळायलाही आम्ल आणि अन्न लागतं. आम्लाची कॅप्सूल बंद होईपर्यंत कॅल्शियम सायट्रेट चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, त्याला आम्लाची गरज नसते. खरं तर 34 व्या वर्षी, रोज दूध-दही पोटात जात असेल तर कॅल्शियम हवंच का, हेही विचारा.

लोह लवकर वाढावं म्हणून दिवसाला दोन-दोन गोळ्या घेऊ नका. एक मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पुढचा जवळपास दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. दुसऱ्या गोळीतलं बरंचसं लोह मग आतड्यातच राहतं आणि बद्धकोष्ठ वाढवतं. म्हणूनच ज्यांना रोजची गोळी सोसत नाही, त्यांना हल्ली एक दिवसाआड देतात. गोळी बदलण्याआधी हा पर्याय डॉक्टरांपुढे ठेवा. शी काळी-हिरवट होईल, त्याला घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन 12 च्या पुढे गेलं म्हणून गोळी लगेच सोडायचीही नाही. तेव्हा फक्त रक्त भरलेलं असतं, कोठार रिकामंच असतं. साधारण तीन महिने पुढे चालू ठेवावी लागते.

एक प्रश्न मात्र तुमच्या पत्रात राहून गेला: रक्त कमी झालं कशाने? पाळीत अंगावरून फार जातं का? दोन वर्षं पित्त आहे, तर जठरात व्रण होऊन थोडं थोडं रक्त झिरपतंय का? सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) कागदावर एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, हा आकडा बघा. 80 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता संभवते, पण थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषातही तो खाली असतो आणि त्यात लोह घेऊन हिमोग्लोबिन वाढत नाही. म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी तपासणी) तपासा, आणि ते चांगलं आलं तर थॅलेसेमियाची तपासणी. एमसीव्ही 100 च्या वर असेल तर बी-12 किंवा फोलिक आम्ल कमी असण्याची शक्यता. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-12 तसंही तपासाच. आम्ल दीर्घकाळ बंद राहिलं की अन्नातलं बी-12 सुटं होत नाही. अशा वेळी नुसतं फोलिक आम्ल घेत राहिलं तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि पायांच्या मुंग्या, तोल जाणं हे नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

तर तुमची पित्ताची कॅप्सूल सोडायची, पण उद्या सकाळी एकदम नाही. दोन वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल औषध थांबल्यावर काही आठवडे उसळी मारतं. लोकांना वाटतं आजार परत आला, आणि पाकीट परत चालू होतं. या औषधातून सुटका होत नाही असं जे म्हणतात ते बऱ्याचदा यामुळे. डॉक्टरांना सांगून आधी डी काढा, नुसतं पॅन्टोप्राझोल 40 वर या. दोन आठवड्यांनी 20. मग दोन आठवडे दिवसाआड. मधल्या जळजळीला अँटासिड, लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवून. घास अडकणं, वजन उतरणं, काळी चिकट शी, उलटीतून रक्त यातलं काही असेल तर हे काही करू नका, थेट एंडोस्कोपीचं विचारा.

आता मिस्टरांकडे. इथे घाई आहे. हे उत्तर वाचलं की त्यांची डीएसआर बंद करायला सांगा आणि त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावा. पित्ताची गोळी लोक 'औषध' म्हणून मोजतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी 'आणखी काही चालू आहे का' विचारलं तरी उत्तर 'नाही' येतं. इट्राकोनाझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र चालतच नाहीत. डोम्पेरिडोनचा निचरा यकृतातलं जे विकर (एन्झाइम) करतं तेच इट्राकोनाझोल अडवतं. मग डोम्पेरिडोन रक्तात साचतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. धडधड, चक्कर किंवा भोवळ आली असेल तर फोनवर थांबू नका, ईसीजी काढून घ्या.

दुसरी गोष्ट जिवाची नाही, पण पैशाची नक्की आहे. इट्राकोनाझोलच्या साध्या 100 मिग्रॅच्या कॅप्सूलला विरघळायला आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोलसोबत घेतली तर तिचा बराच भाग तसाच बाहेर पडतो. महिनाभर महागडी कॅप्सूल खाऊन नायटा जागच्या जागी, आणि दोष जातो डॉक्टरांना. ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. अँटासिड घ्यावंच लागलं तर ते कॅप्सूलच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी. पाकिटावर 'सुबा' लिहिलं असेल तर तिची बनावट वेगळी असते आणि आम्लावर ती एवढी अवलंबून नसते, पण डोम्पेरिडोनचं वैर तिच्याशीही तितकंच. भूक जाणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं ही यकृताची तक्रार समजा आणि कॅप्सूल थांबवून डॉक्टरांकडे जा. कॅप्सूल चालू असेपर्यंत दारू बंद.

मलमाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण आठ महिने लावतात आणि थांबवलं की परत येतो, एवढ्यावरून ओळखता येतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन आहे का बघा. तीन-चार औषधं एकत्र घातलेल्या या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि एक तगडं स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण लाली आणि खाज हा शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो. स्टेरॉइड तो झगडाच मिटवतं आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याची गोल कड पुसली जाते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. जांघेत तर कातडी पातळ आणि कायम दुमडलेली, तिथे औषध कितीतरी जास्त मुरतं. महिनोन् महिने लावलं की पोटावर बाळंतपणानंतर उमटतात तसे पांढरे-जांभळे वळ येतात, ते जात नाहीत. 2018 पासून अशी स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय द्यायला मनाई आहे. तरी ट्यूब सर्रास हातोहात मिळते, आणि घरातल्या एकाला गुण आला की तीच दुसऱ्याच्या गालाला लागते. तुमच्या गालाला लावू नका.

ट्यूब थांबवली की दहा-पंधरा दिवस खाज आधीपेक्षा जास्त वाटेल. ते अपेक्षित आहे, खाजेची गोळी डॉक्टर देतील. त्यांनी ल्युलिकोनाझोल किंवा तसंच नुसतं बुरशीचं मलम दिलं असेल तर अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करून लावायचं, कडेच्या बाहेर दोन बोटांची जागा धरून. किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढं बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं.

कंबरेला करदोडा आहे का? असेल तर काढा. घामाने ओला धागा कायम त्याच जागी घासतो, बुरशी त्यात ठाण मांडते आणि औषध संपलं की तिथूनच परत निघते. श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा. कंपनीतून आल्यावर अंतर्वस्त्रं लगेच गरम पाण्यात, उलटी करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री. टॉवेल स्वतंत्र. आणि घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचेही उपचार याच महिन्यात, नाहीतर नायटा घरातल्या घरात फिरत राहतो.

सासऱ्यांचं उलट आहे. तुम्ही पित्ताची गोळी सोडायची, त्यांनी सोडायची नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माणसाला जठरातून रक्तस्राव व्हायचा धोका मोठा असतो आणि पॅन्टोप्राझोल ते अस्तर राखतं. फक्त डी नको. साठीपुढच्या हृदयाच्या रुग्णाला रोज 30 मिग्रॅ डोम्पेरिडोन देत राहणं बरोबर नाही. युरोपच्या औषध यंत्रणेने 2014 मध्येच ते फक्त मळमळ-उलटीपुरतं आणि सहसा आठवड्याच्या आत थांबवायचं, असं बंधन घातलं. हृदयाच्या डॉक्टरांकडून नुसत्या पॅन्टोप्राझोलची चिठ्ठी घ्या. आणि मेडिकलवाल्याने 'तेच आहे' म्हणून ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल दिलं तर परत करा. क्लोपिडोग्रेल पोटात जाताना निष्क्रिय असतं, यकृतातलं एक विकर त्याला कामाला लावतं, आणि ही दोन औषधं नेमकी तेच विकर अडवतात.

दुखण्याची गोळी हा त्यांच्या यादीतला खरा धोका. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी काहीही या दोन गोळ्यांवर घेतलं की रक्तस्रावाची शक्यता वाढते, शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनला कामच करू देत नाही. नावात 'पी' किंवा 'प्लस' असलेल्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, पण त्यासोबत यातलंही एखादं असतं, म्हणून नाव नाही, मजकूर वाचा. गुडघ्याला नुसतं पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. त्यांची शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली तर 'लोहाने होते' म्हणून सोडून देऊ नका. लोह तुम्ही घेता, ते नाही. लगेच दवाखाना गाठा. पण रक्त पातळ करायची गोळी मात्र दात काढायचा म्हणूनसुद्धा आपल्या मनाने थांबवायची नाही. स्टेंटला वर्षही झालेलं नाही, तो गुठळीने बंद पडू शकतो.

मिस्टरांची इट्राकोनाझोल सासऱ्यांच्या हाती लागू देऊ नका. कमजोर हृदयाला ती चालत नाही आणि त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीशीही तिचं जमत नाही. म्हणून डबा एक नको. तीन डबे, तीन रंग, आणि गोळ्या पाकिटातून सुट्या काढून ठेवू नका.

ते डबे फ्रिजवर नकोत, कुलपात हवेत. तुमची लोहाची गोळी लाल, गुळगुळीत, गोडसर लेपाची असेल. तीन वर्षांच्या मुलीला ती जेम्सच्या गोळीसारखीच दिसते. 13 किलोच्या मुलीला अशा तीन गोळ्यांनीही विषबाधा सुरू होऊ शकते, आठ जिवावर बेततात. आधी उलट्या होतात, मग काही तास मूल एकदम बरं वाटतं, आणि तिथेच आईबाप फसतात. गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी करवत बसू नका. पाकीट बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

राहिली द्राक्षं. कागदावर लिहिलेलं असतं ग्रेपफ्रूट. ते फळ संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं, कडवट, आपल्या बाजारात क्वचित दिसणारं. नावात ग्रेप असलं तरी द्राक्षाशी त्याचं नातं नाही. त्याच्या रसाने आतड्यातलं विकर अडतं आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात जास्त चढतात. द्राक्षात तो गुण नाही. दिंडोरी-निफाडची द्राक्षं धुऊन खुशाल खाऊ द्या, त्यांना साखर नसेल तर. गणपतीच्या दिवसांत येतं ते पपनस मात्र ग्रेपफ्रूटचं सख्खं नातेवाईक आहे, ते सासऱ्यांना नको.